वहिनींची नक्कल

घरात माणसं मोजून पाच, पण संध्याकाळच्या जेवणाला त्या टेबलाभोवती निदान डझनभर तरी असायची. वरची सगळी धाकट्या भावजींच्या घशातून यायची. शिंपीणबाई आणि तिची सासू, नवी सुई स्वतःच मोडून मिस्त्रीलाच दम देणारं गिऱ्हाईक, नाकात बोलणारे हेडमास्तर, आणि पेशंटला बाजूला ठेवून स्वतःच्याच दुखण्यांचं रडगाणं गाणारा कोपऱ्यावरचा डॉक्टर. भावजी शिलाई मशीन दुरुस्त करायचे. सायकलच्या कॅरिअरला हत्यारांची लाकडी पेटी बांधून दिवसभर घरोघर हिंडायचे, आणि ज्या घरातल्या मशीनचा पट्टा बदलला त्या घरातलं भांडण संध्याकाळी जसंच्या तसं घेऊन यायचे. घरात त्यांना ‘रेडिओ’ म्हणत. हे नाव त्यांच्या थोरल्या बहिणीनं, आत्याबाईंनी, ठेवलं होतं आणि ते त्यांनी आनंदानं मिरवलं.

वहिनी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा हा रेडिओ अजून शाळेत होता. आईवडील दोघंही गेलेले, घर थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या पगारावर चाललेलं. पहिल्याच दिवशी त्या हाफचड्डीतल्या दिरानं नव्या वहिनीसमोर उभं राहून गणिताच्या मास्तरांची नक्कल केली. मास्तर खडू शोधताहेत आणि खडू त्यांच्याच कानावर अडकवलेला. बसलेली माणसं हसून हसून आडवी झाली. वहिनींनी नक्कल शेवटपर्यंत नीट पाहिली आणि विचारलं, "भावजी, सकाळपासून काही खाल्लंत का?"

खाल्लं नव्हतं. इतक्या माणसांच्या गडबडीत ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. वहिनींनी त्यांना स्वयंपाकघरात नेलं, स्टुलावर बसवलं आणि जे होतं ते वाढलं. इवल्याशा दिराला त्या ‘अहो भावजी’ म्हणत, आणि तो मान वर करून मोठ्या माणसासारखं ‘हं’ म्हणे. त्या घरातला त्यातल्या त्यात गंभीर विनोद तोच.

आता घरच्या मंडळींबद्दल सांगायला हवं, नाहीतर रेडिओला काय काय ऐकवावं लागे ते कळायचं नाही. दादा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते. ‘तसं बघायला गेलं तर’ असं म्हटल्याशिवाय त्यांचं कुठलंच वाक्य सुरू व्हायचं नाही, आणि बघायला गेलेला माणूस परत यायचाच नाही. भाजीत मीठ कमी आहे हे सांगायला त्यांना एवढा वेळ लागे की तोवर भाजी संपलेली असे. आत्याबाई नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आलेल्या. त्यांना ऐकू कमी यायचं, पण ते हवं तेव्हाच. ‘भांडी घासता का?’ हे त्यांना कधीच ऐकू गेलं नाही, आणि तिसऱ्या घरात कुजबुजलेलं लग्न त्यांना भिंतीआडून कळलं. ‘मी काही आता फार दिवसांची नाही’ असं त्या वर्षानुवर्षं रोज जेवताना म्हणायच्या आणि मग ताट पुढे करायच्या. दादांची मुलगी चिमणी मात्र काकावर गेलेली. हसायला लागली की तिच्या नाकातून पाणी बाहेर यायचं.

भावजी या सगळ्यांच्या नकला त्यांच्या तोंडावर करायचे. दादा रागावायचे, पण ‘तसं बघायला गेलं तर’ म्हणूनच रागावायचे, म्हणजे नक्कल आपोआप पुरी व्हायची. आत्याबाई स्वतःची नक्कल बघून विचारायच्या, "ही कोण रे म्हातारी? फार ओळखीची वाटते." सगळे पोट धरून हसले की भावजी पाण्याचा घोट घेऊन म्हणायचे, "चला, आजचं जेवण फिटलं."

हे वाक्य वहिनींना आवडायचं नाही. त्या काही बोलायच्या नाहीत, पण ते ऐकलं की हातातला डाव पातेल्यात जरा जोरात आपटायचा. भावजींनी लग्न केलं नाही. दोनदा मुलगी बघायला गेले होते, दोन्ही वेळा मुलीच्या बापाची नक्कल परत येताना कोपऱ्यावरच सुरू झाली, त्यामुळे पुढे काय झालं ते विचारायची सोयच राहिली नाही. भावाच्या घरात आपण ज्यादाचे आहोत आणि ज्यादाच्या माणसानं निदान हसवावं तरी, अशी काहीतरी गाठ त्यांनी मनाशी बांधून घेतली होती. आजारी असले तरी हसवायचे. गिऱ्हाइकानं अपमान केला असला तर त्या दिवशी दुप्पट हसवायचे.

फक्त वहिनींची नक्कल त्यांनी कधी केली नाही.

"काका, आईची कर ना," चिमणी हट्ट धरायची.

"तुझ्या आईची होत नाही," भावजी म्हणायचे. "प्रयत्न केला. हाताला लागत नाही."

सगळे यावरही हसायचे. वहिनी पाठमोऱ्या उभ्या राहून भांडं पुसत राहायच्या. खरं सांगायचं तर हे त्यांना लागायचं. चालीत ऐट नाही, बोलण्यात काही लकब नाही, रागसुद्धा धड येत नाही. आपल्यात पकडण्यासारखं काही असतं तर या पोरानं ते सोडलं असतं का, असं त्यांना वाटायचं. इतकी वर्षं या घरात काढली, आणि आपली नक्कलही होऊ नये! हे दुःख कुणाला सांगणार? ऐकणारा आधी हसलाच असता.

मग तो घोगरा आवाज आला.

एका संध्याकाळी भावजी घरात शिरले, पेटी जागेवर ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, पाणी द्या जरा." आवाज असा, की गंजलेलं दार कुणी खरवडत उघडतंय. चिमणी जागच्या जागी फिस्सकन हसली. आत्याबाई म्हणाल्या, "हा कोण नवीन आणलास रे?" दादांनीही पेपर खाली घेतला.

भावजींनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. काहीतरी सांगायला आल्यासारखे ते क्षणभर थांबले. मग खांदे पाडले, एक पाय ओढत दोन पावलं टाकली आणि त्याच आवाजात म्हणाले, "मी गोदामाचा वॉचमन. चोर येऊन गेला का? गेला? मग आता झोपतो."

तो वॉचमन घरात भलताच चालला. तो रोज यायचा. कधी चोरालाच शिडी धरून द्यायचा, कधी मालकाला ओळखपत्र मागायचा. शेजारपाजारचे खास त्याच्यासाठी जेवणं उरकून येऊन बसायचे. आणि वॉचमननं स्वतःच्या सावलीला ‘कोण आहे?’ असं दरडावलं त्या दिवशी तर जन्मात कधी मोठ्यानं न हसलेल्या वहिनी हसल्या. हातातलं झाकण खाली पडून गरगर फिरत राहिलं आणि त्या ओट्याला धरून हसत राहिल्या.

"वहिनी हसल्या!" भावजी त्या घोगऱ्या आवाजात ओरडले. त्यांच्या चेहऱ्यावर शाळेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद होता. त्या दिवसापासून वॉचमन सोडून त्यांनी दुसरी नक्कलच केली नाही. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवीन मशीन सगळ्यांनाच चालवावंसं वाटतं.

असे कित्येक महिने गेले.

एका सकाळी वहिनी मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेल्या. तिथे भावजी पायरीवर बसून शेजाऱ्यांच्या मांजराला दूध पाजत होते. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. "हळू पी," ते मांजराला म्हणत होते. "कुणी घेऊन नाही जात."

आवाज वॉचमनचा होता.

वहिनींच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. माणूस मांजरापुढे कशाला नक्कल करेल? त्या पुढे गेल्या आणि म्हणाल्या, "भावजी, वॉचमन बंद करा. तुमच्या आवाजात बोला बघू."

भावजींनी वर पाहिलं. मांजर पळून गेलं. "हाच आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून हाच आहे, वहिनी. घसा बसलाय म्हणून सांगायला गेलो, तर तुम्ही सगळे हसलात. म्हटलं, राहू दे."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला आणि विचारलं, "हे केव्हापासून?" दादा, वहिनी आणि चिमणी तिघंही खुर्च्यांवर ओळीनं बसली होती. तिघांनाही उत्तर ठाऊक होतं. शेवटी दादा म्हणाले, "आम्हाला ती नक्कल वाटली." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वाक्याच्या आधी काही लावलं नव्हतं. डॉक्टरांना काही समजलं नाही. ते बिचारे दुसऱ्या घरातले.

जीव वाचवायचा तर घशातलं आवाजाचं यंत्रच काढावं लागणार होतं. ज्या माणसानं मशीनला नुसतं कान लावून शटल बिघडलंय की दात झिजलेत ते ओळखावं, त्याच्या गळ्यातली खरखर घरानं टाळ्या वाजवून ऐकली होती. वहिनींना हे कुठे ठेवावं ते कळेना. आपण ओट्याला धरून हसलो होतो, ते झाकण गरगर फिरलं होतं, हे त्यांना भांडी घासताना आठवे, आणि मग नळ मोठा सोडून त्या रडून घेत.

भावजी घरी आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पातळ फडकं बांधून. श्वास तिथून चालायचा. तोंड उघडलं तरी त्यातून काही यायचं नाही. चिमणीनं पाटी आणून दिली, ती त्यांनी भिंतीला उलटी टेकवून ठेवली. दुरुस्तीची कामं हळूहळू पुन्हा सुरू केली, पण जेवायला टेबलावर येणं बंद केलं. आपलं मऊ जेवण ते मागच्या हत्यारांच्या खोलीत नेऊन एकटे जेवायचे.

टेबलावर आता चारच माणसं उरली, आणि ती खरोखर चारच होती. मग त्यांना एक गोष्ट कळली, ती अशी की आपल्याला एकमेकांशी बोलता येत नाही. दादांना आत्याबाईंचा राग यायचा, तो भावजी नकलेत काढून टाकायचे. आत्याबाईंना चिमणीला काही सांगायचं असे, ते भावजींच्या तोंडून जाई. आता सगळे मूग गिळून जेवत. कधीकधी दादा मागच्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात मुद्दाम म्हणायचे, "तसं बघायला गेलं तर, तसं बघायला गेलं तर..." तेवढ्यानं तरी भाऊ हसेल, अशी आशा. आत्याबाईंनी एकदा विनोदही सांगितला. सुरुवातच विसरल्या, म्हणून शेवटापासून सांगितला. कुणी हसलं नाही, आणि त्यांनाच रडू फुटलं.

मग एका संध्याकाळी वहिनींनी पाहिलं, तर मागच्या खोलीत गादीची गुंडाळी बांधून तयार होती. कपड्यांची पिशवी, हत्यारांची पेटी, शेव्हिंगचं सामान. भावजींनी हातानं सांगितलं: बाजारातल्या मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानाच्या माळ्यावर. तिथेच राहणार. बोटं तोंडाशी नेऊन त्यांनी नकारार्थी हलवली, मग टेबलाकडे बोट दाखवलं आणि दोन्ही तळहात रिकामे करून पुढे धरले. वहिनींना ते लख्ख वाचता आलं. आता हसवता येत नाही, तर इथे जेवू कशाच्या जिवावर?

वहिनी आयुष्यात फारशा बोलल्या नव्हत्या. त्या वेळी बोलल्या.

"असं का? म्हणजे इतकी वर्षं तुम्ही हसवता म्हणून मी वाढत होते? मला त्या नकलांतलं अर्धं ऐकूसुद्धा यायचं नाही, भावजी. कुकरची शिट्टी व्हायची मध्ये. पहिल्या दिवशी तुम्ही मास्तरांची नक्कल केलीत तेव्हा मी काय बघत होते माहितीये? पोराच्या ओठांना कोरड पडलीये ते. जायचं तर जा. हात धरून कोण अडवणार तुम्हाला? पण आज टेबलावर बसून, चार माणसांत जेवून जा. उपाशी नाही जाऊ देणार."

भावजी खाली मान घालून उभे राहिले. मग आले.

जेवण चाललं होतं की उरकलं जात होतं, सांगणं कठीण. चमच्यांचे आवाज तेवढे येत होते. दादांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा घास घालून बंद केलं. वहिनी नेहमीसारख्या उभ्याच होत्या. जेवण संपत आलं तेव्हा भावजी उठले. सगळ्यांना वाटलं, निघाले. ते निघाले नाहीत. वहिनींच्या खांद्यावरचं हात पुसायचं फडकं त्यांनी ओढून घेतलं, आपल्या खांद्यावर टाकलं, आणि ओट्यावरचा डाव उचलला.

आधी त्यांनी डावानं टेबलावरची माणसं मोजली, ओठ न हलवता. मग दादांचा हात मिठाकडे जायच्या आत मीठ त्यांच्यापुढे सरकवलं, तेही त्यांच्याकडे न बघता. आत्याबाई चष्मा शोधताहेत असं समजून त्यांच्या डोक्यावरचा चष्मा हळूच काढून नाकावर ठेवला. रिकाम्या खोलीतला दिवा बंद करून आले. मग जेवायला बसले, पण खुर्चीच्या कडेवर अर्धेच, लगेच उठता यावं म्हणून, आणि पहिला घास तोंडाशी नेला तोच कुणीतरी काहीतरी मागितलं म्हणून उठले.

"आई!" चिमणी किंचाळली. "ही आई आहे!"

तिच्या नाकातून पाणी आलं. आत्याबाई टेबलावर हात आपटून हसायला लागल्या. दादा हसता हसता थांबले, कारण भावजी पुन्हा बसले आणि पुन्हा उठले, पुन्हा बसले आणि पुन्हा उठले, आणि तो घास काही तोंडात गेला नाही. दादांनी बायकोच्या खुर्चीकडे पाहिलं. ती कित्येक वर्षांत नीट पुढे ओढलेलीच नव्हती.

नक्कल तिथे संपली नाही. भावजी गॅसपाशी जाऊन उभे राहिले. पातेल्यात डाव फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला. मान गल्लीच्या बाजूला कलली. कुठे काही नाही. डाव पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. खिडकीशी गेले, पडदा बोटभर सरकवला, परत आले. चेहऱ्यावर काळजी, आणि काळजी केल्याचा थोडा राग. मग मान एकदम ताठ झाली, सायकलची साखळी ऐकल्यासारखी. त्या हडकुळ्या, आजारानं ओढलेल्या चेहऱ्यावर काय आलं ते सांगता येणार नाही. हरवलेलं पोर सापडल्यावर आई जशी दिसते तसं काहीतरी. आणि दार वाजायच्या आत तो चेहरा पुसून टाकून, पाठ वळवून, गॅस पेटवून, जेवण गरम करायला ठेवून, जणू आपल्याला कुणाच्या येण्याजाण्याशी काही देणंघेणं नाही असे ते उभे राहिले.

कुणी हसलं नाही. हे कुणीच कधी पाहिलं नव्हतं. वहिनींना वाटत होतं, हे आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

"तुम्हाला कसं कळलं?" त्या म्हणाल्या.

भावजींनी खिडकीतून कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाकडे बोट दाखवलं. सायकलचा ब्रेक दाबल्याची खूण केली. मग दोन बोटं आपल्या डोळ्यांखाली टेकवली. रोज. ते रोज तिथे थांबायचे, खिडकीतली बाई बघायचे आणि मगच साखळी वाजवत पुढे यायचे. एवढं माहीत असताना हा माणूस जेवण फेडत का बसला, हे त्याचं त्याला ठाऊक. कदाचित माहीत असणं वेगळं आणि पटणं वेगळं.

दादा उठले. त्यांनी बायकोची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बस." वहिनी बसल्या, पूर्ण खुर्चीवर. गादीची गुंडाळी त्याच संध्याकाळी चिमणीनं सोडली.

त्यानंतर भावजी वर्षभर होते. वहिनींची नक्कल रोज व्हायची. पाहुण्यांसमोर व्हायची, शेजाऱ्यांसमोर व्हायची, आणि सगळ्यात आधी वहिनीच हसायच्या. मग दुखणं परत आलं, आणि या वेळी डॉक्टरांनी केव्हापासून वगैरे काही विचारलं नाही. शेवटच्या दिवसांत हात उचलवत नव्हता, तेव्हा ते नुसती मान गल्लीकडे कलती करायचे, आणि घर हसायचं. ते गेल्यावर आत्याबाईंनी ‘मी काही फार दिवसांची नाही’ हे वाक्य पुन्हा तोंडातून काढलं नाही.

काही महिन्यांनी असंच एकदा सगळे जेवायला बसले होते. वहिनी शेवटचं पातेलं उतरवायला उठल्या होत्या. बाहेर अंधार पडत होता. गल्लीत कुणाच्यातरी सायकलची साखळी वाजली, आणि वहिनींच्या हातातला डाव थांबला. मान कलली.

चिमणी खदखदून हसली. "आई, अगदी काकासारखी! हुबेहूब!"

मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं तोंडावर हात दाबला.

सायकल कोपऱ्यावर थांबली नाही. खिडकीखालून गेली, लांब गेली. वहिनी तशाच उभ्या होत्या. इतकी वर्षं ज्यांना कामाचं काही ऐकू आलं नव्हतं त्या आत्याबाईंनी दाराकडे बघून विचारलं, "आला का गं?"

"नाही," वहिनी म्हणाल्या, आणि पाठ वळवून त्यांनी गॅस पेटवला.